सशाचे शिंग आणि नऊ हजार फेरे

थट्टेत उच्चारलेले, आणि उच्चारणाऱ्याला ते खोटे असल्याचे पुरते ठाऊक असलेले विधान असत्य ठरते की नाही, हा प्रश्न धर्मशास्त्राने, नीतिविचाराने आणि प्रमाणशास्त्राने, म्हणजे ज्ञान खरे कशामुळे ठरते याचा विचार करणाऱ्या शास्त्राने, आपापल्या परीने हाताळला आहे. परंतु त्याची उदाहरणे बहुधा राजवाडा, विवाहमंडप आणि वादसभा यांच्यापलीकडे गेली नाहीत. मोटारींच्या शौकिनांमध्ये इंजिनाच्या गतीवरून आणि यंत्राविषयीच्या भाकडकथांवरून जी थट्टा चालते, तिच्यात या प्रश्नाला हवी तशी उदाहरणे ढिगाने सापडतात, आणि ती सहसा शास्त्रार्थाच्या वाट्याला आलेली नाहीत. या थट्टेतील सर्व खोटे एका जातीचे नाही, आणि ज्या खोट्यावर शौकीन सर्वांत मोठ्याने हसतात ते सर्वांत कमी घातक असते, हे ती उदाहरणे जवळून पाहिल्यावर ध्यानात येते.

अमेरिकेतील गॅरेजांत नवा पोरगा कामाला लागला की त्याला स्पेअर पार्टच्या दुकानातून ‘ब्लिंकर फ्लुइड’ आणायला पिटाळण्याची रीत आहे. ब्लिंकर म्हणजे गाडीचा इंडिकेटर. ब्रेकला तेल लागते, पुष्कळ गाड्यांच्या क्लचलाही लागते, काच धुवायला पाणी लागते, तेव्हा लुकलुकणाऱ्या दिव्यालाही काहीतरी ओतावे लागत असेल असे नवशिक्याला वाटावे, अशी ही योजना असते. प्रत्यक्षात विजेचा प्रवाह ठरावीक अंतराने जोडणाऱ्या आणि तोडणाऱ्या एका लहानशा रिलेमुळे तो दिवा लुकलुकतो आणि त्यात थेंबभरही द्रव नसतो. ‘सायलेन्सरचे बेअरिंग’ हे याच कुळातले दुसरे अपत्य, कारण बेअरिंग फिरणाऱ्या दांड्याला लागते आणि सायलेन्सरमध्ये फिरणारे काहीच नसते. दुकानदार मुरलेला असेल तर तो ‘आमच्याकडचा माल आत्ताच संपला, पलीकडे विचारा’ असे गंभीर चेहऱ्याने सांगतो आणि पोराची वणवण आणखी दोन दुकाने वाढवतो. ही थट्टा इतकी रुळली आहे की ब्लिंकर फ्लुइडचे लेबल लावलेल्या बाटल्या भेटवस्तू म्हणून विकल्या जातात. आणि अमेरिकेतील ओ’रायली ऑटो पार्ट्स या दुकानांच्या साखळीने १९८५ च्या ‘बॅक टू द फ्युचर’ या चित्रपटातील कालयंत्राचा फ्लक्स कपॅसिटर हा काल्पनिक भाग आपल्या मालाच्या यादीत १२१ जी या क्रमांकाने घातला होता, ज्यावर हसण्यासाठी चित्रपटातील त्या यंत्राला १.२१ गिगावॉट वीज लागते हे आठवावे लागते.

भारतीय दर्शनांना असले पदार्थ नवे नाहीत. सशाचे शिंग, वांझेचा मुलगा आणि आकाशातले फूल ही नाव असलेल्या परंतु वस्तू नसलेल्या गोष्टींची त्यांची ठरलेली उदाहरणे होत. पतंजलींच्या योगसूत्रांत अशा निव्वळ शब्दाच्या मागे जाणाऱ्या आणि वस्तूचा आधार नसलेल्या चित्तवृत्तीला ‘विकल्प’ असे स्वतंत्र नाव दिले असून ती खऱ्या ज्ञानाहूनच नव्हे तर विपर्ययाहून, म्हणजे उलट ज्ञानाहूनही वेगळी धरली आहे. न्यायदर्शनाचे अनुयायी, अर्थात नैयायिक, यांना मात्र निराधार शब्द मान्य करणे जड गेले. ससा खरा आहे, शिंगही गाईच्या डोक्यावर खरेच आहे, नाही तो केवळ या दोहोंचा संबंध. म्हणून ‘सशाचे शिंग नाही’ या वाक्याचा अर्थ सशाच्या ठिकाणी शिंगाचा अभाव आहे एवढाच घ्यावा, अशी त्यांची उकल आहे. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात बर्ट्रांड रसेल यांनी १९०५ मध्ये, फ्रान्समध्ये राजाच उरलेला नसताना ‘फ्रान्सच्या विद्यमान राजाला टक्कल आहे’ या वाक्याचे काय करावे, या प्रश्नाची जी फोड केली तिचा रोखही थोडाफार असाच होता.

नैयायिकांची उकल ब्लिंकर फ्लुइडला नेमकी बसते: इंडिकेटर खरा आहे, द्रव ब्रेकच्या टाकीत खरोखर आहे, फक्त एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. गॅरेजवाल्यांनी सशाचे शिंग का निवडले आणि वांझेचा मुलगा का निवडला नाही, हेही येथे उलगडते. वाक्यापासून अर्थबोध व्हायला ज्या अटी लागतात त्यांत ‘योग्यता’ ही एक अट सांगितली आहे, म्हणजे शब्दांचे अर्थ एकमेकांशी जुळण्याजोगे असले पाहिजेत. ‘विस्तवाने शिंपतो’ असे कोणी म्हटले तर ऐकणारा तेथेच थबकतो. वांझेच्या मुलाला बोलावून आणायला कोणीही निघत नाही, कारण ती विसंगती शब्दांतच उघडी पडते. ब्लिंकर फ्लुइडमधील विसंगती शब्दांत नसून वस्तूत असते, आणि वस्तू ठाऊक नसलेल्याला योग्यता असल्याचा भास होतो, तर जाणकाराला ती नसल्याचे दिसते. या दोन ऐकणाऱ्यांमधील अंतर हेच त्या विनोदाचे भांडवल आहे. ज्ञानदेवांच्या नावाने सांगितले जाणारे, काट्याच्या अणीवर वसलेल्या तीन गावांचे कूट ज्यांनी ऐकले आहे त्यांना हा खेळ ओळखीचा वाटेल, कारण त्यातही नसलेल्या गावांत नसलेल्या माणसांचे व्यवहार अगदी ठामपणे रंगवले आहेत. फरक इतकाच की तेथे ऐकणाऱ्याला कोणी बाजारात पाठवत नाही.

नेमक्या याच फरकावर धर्मग्रंथांचे मत दुभंगते. महाभारताच्या आदिपर्वात शर्मिष्ठा ययातीला जी पाच क्षम्य असत्ये सांगते त्यांत थट्टेतल्या बोलण्याचाही समावेश आहे. अर्थात सांगणारी शर्मिष्ठा या प्रकरणात तटस्थ नाही आणि ऐकणाऱ्या राजाचे मन वळवण्यातच तिचे हित आहे, हे त्या वचनाचा आधार घेणाऱ्यांनी विसरू नये. ख्रिस्ती परंपरेत संत ऑगस्टीन यांनी इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस असत्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिताना थट्टेला आरंभीच बाजूला काढले, कारण बोलणाऱ्याच्या स्वरावरून आणि वृत्तीवरून फसवण्याचा हेतू नाही हे स्पष्ट असते असे त्यांना वाटले; तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस यांनी मात्र गमतीखातरच्या असत्याला असत्याच्या वर्गवारीत एक खण देऊन ते सौम्य का होईना पण पापच ठरवले. बौद्ध आणि जैन परंपरा याहून कडक आहेत. मज्झिमनिकायातील अंबलट्ठिक-राहुलोवाद सुत्तात बुद्ध आपल्या मुलाला, राहुलाला, थट्टेतही खोटे न बोलण्याचा उपदेश करतात, आणि सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात भिक्षूंनी व उपासकांनी वारंवार ऐकावेत म्हणून जे थोडे उपदेश नावाने निवडले, त्यांत असत्याविषयी राहुलाला केलेला उपदेश आहे. तत्त्वार्थसूत्राच्या दिगंबर पाठात सत्यव्रत स्थिर राहण्यासाठी क्रोध, लोभ आणि भय यांच्या जोडीने हास्याचाही त्याग सांगितला आहे, म्हणजे माणूस रागाने किंवा हावेने जितक्या सहज खोटे बोलतो तितक्याच सहज तो हसवण्यासाठी बोलतो, याची त्या सूत्रकाराला जाण होती.

ऑगस्टीन यांचा निकष गॅरेजमध्ये लावून पाहिला तर तो लंगडा पडतो, कारण तेथे स्वर मुद्दाम गंभीर ठेवलेला असतो आणि हेतू निदान अर्धा तास फसवण्याचाच असतो. वात्स्यायनांनी न्यायसूत्रांवरील भाष्यात ‘आप्त’ कोणाला म्हणावे हे सांगताना, ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशी ती सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो आप्त, असे लक्षण करून ते ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सर्वांना सारखेच लागू होते अशी पुस्ती जोडली आहे. या व्याख्येने हात काळे झालेला मिस्त्रीही आप्त ठरतो, आणि गॅरेजात शिकणाऱ्या पोराला तर त्याच्याखेरीज दुसरा आप्त नसतोच. मिस्त्री थट्टा करतो तेव्हा लक्षणाचा पूर्वार्ध शाबूत राहतो आणि उत्तरार्ध घटकाभर रजेवर जातो. तरीही या थट्टेला जबर दोष देणे अवघड आहे, कारण तिच्यात खोटेपणाचा निकाल आपोआप लागण्याची सोय असते: पोरगा दुकानात जातो, दुकानदार हसतो किंवा हात हलवत परत पाठवतो, आणि आधीच्या समजुतीचा ‘बाध’ होतो. बाध म्हणजे नंतरच्या ज्ञानाने आधीचे ज्ञान रद्द होणे. ज्ञानाचे खरेपण त्यावर विसंबून केलेली कृती फळते की नाही यावरून ठरते असे नैयायिक मानतात, आणि ब्लिंकर फ्लुइडचा शोध हा त्या मताचा बऱ्यापैकी स्वच्छ प्रयोग आहे. भरतमुनींनी हास्याचे स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा प्रकार पाडून शेवटचे दोन अधम प्रकृतीच्या माणसांकडे दिले आहेत; पोरगा परतल्यावर गॅरेजमधले लोक यांपैकी कोणते हसतात यावर त्या जागेची रीतभात बरीचशी कळते.

इंजिनाच्या गतीवरील थट्टेचा प्रकार निराळा आहे, कारण तिच्यात सशाचे शिंग नसते. इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, एका मिनिटात जितके फेरे घेतो त्या संख्येला आरपीएम म्हणतात, आणि डॅशबोर्डवरील तबकडीत जेथून लाल पट्टा सुरू होतो त्या मर्यादेला रेडलाइन. या आकड्याभोवती शौकिनांची सगळी पुराणे गुंफलेली आहेत. होंडाने १९९९ मध्ये आणलेल्या एस२००० या दोन आसनी गाडीचे दोन लिटरचे इंजिन सुमारे ९,००० फेऱ्यांपर्यंत चढत असे, आणि सहा हजारांच्या आसपास त्यातील व्हीटेक ही रचना, जी व्हॉल्व्ह किती उघडायचे आणि किती वेळ उघडे ठेवायचे हे बदलते, वरच्या गतीला सोयीचे कॅम कामाला लावत असे. त्या क्षणी इंजिनाचा आवाज एकदम चढतो आणि ओढही वाढते, एवढे खरे; परंतु शौकिनांच्या थट्टेत व्हीटेक ‘लागले’ की कथा अशा सुरू होतात की गाडीला पंख फुटतात, काळ थांबतो आणि शेजारची दुप्पट ताकदीची गाडी आरशात ठिपक्याएवढी उरते. येथे विनोद अतिशयोक्तीचा आहे, आणि अतिशयोक्तीला खालून सत्याचा टेकू लागतोच.

नऊ हजार फेरे म्हणजे सेकंदाला दीडशे फेरे. या गाडीत पिस्टनचा वर-खाली प्रवास, ज्याला स्ट्रोक म्हणतात, ८४ मिलिमीटरचा आहे. तो एका फेऱ्यात दोनदा होत असल्याने पिस्टनची सरासरी गती सेकंदाला सुमारे २५ मीटर भरते, आणि टोकाला पोहोचून उलट फिरताना त्याला गुरुत्वाकर्षणाच्या चार हजार पटींहून अधिक त्वरण सोसावे लागते. फॉर्म्युला वनमध्ये २००६ पासून २.४ लिटरची आठ सिलिंडरची इंजिने आली तेव्हा कॉसवर्थचे इंजिन २०,००० फेऱ्यांपर्यंत गेले, आणि पुढच्याच वर्षी नियमाने १९,००० ची मर्यादा घातली. या इंजिनांचा स्ट्रोक मात्र जेमतेम ४० मिलिमीटर असल्याने १९,००० फेऱ्यांना त्यांच्या पिस्टनची सरासरी गतीही सेकंदाला २५ मीटरच्याच घरात येते. रस्त्यावरची गाडी आणि शर्यतीची गाडी यांच्या आकड्यांत दुपटीहून अधिक अंतर असले तरी पिस्टनच्या गतीने पाहता त्या एकाच उंबरठ्यावर उभ्या असतात, कारण सळई, खीळ आणि पिस्टन यांचा धातू फेरे मोजत नाही, त्याला ताण सोसावा लागतो. दुसऱ्या टोकाला एमा मर्स्क या मालवाहू जहाजाचे चौदा सिलिंडरचे इंजिन अडीच मीटरच्या स्ट्रोकवर मिनिटाला अवघे १०२ फेरे घेऊन एक लाखाहून अधिक अश्वशक्ती निर्माण करते. तेव्हा नुसत्या आरपीएमच्या आकड्यावरून इंजिनाची थोरवी ठरवणे म्हणजे माणसाची विद्वत्ता त्याच्या बोलण्याच्या वेगावरून ठरवण्यासारखे आहे.

असे असूनही चढत्या आवाजाच्या इंजिनात ताकद ‘ऐकू’ येते. याची उपपत्ती मीमांसक प्रभाकर यांच्या मताने चांगली लागते. वाळूत चमकणारा शिंपला पाहून ‘ही चांदी’ असे वाटते तेव्हा, त्यांच्या मते, खोटे ज्ञान असे काही उत्पन्नच होत नाही. ‘ही’ एवढे प्रत्यक्ष असते, ‘चांदी’ ही पूर्वी पाहिलेल्या चांदीची आठवण असते, आणि या दोन खऱ्या ज्ञानांमधील भेद न उमगणे हाच भ्रम. या मताला अख्याती म्हणतात. नैयायिक त्याला विरोध करून, एक वस्तू दुसऱ्या वस्तूच्या रूपाने खरोखरच भासते असे म्हणतात, आणि तो वाद येथे मिटवण्याचे कारण नाही. एवढे पुरे की कानावर पडणारी किंकाळी प्रत्यक्ष असते, शर्यतीत जिंकणाऱ्या गाडीची आठवणही खरी असते, आणि दोन्ही एकाच क्षणी आल्याने त्यांच्यातील शिवण दिसत नाही. भ्रमाची दिशा उलटीही असू शकते: जुन्या ३५० सीसी बुलेटच्या संथ ठोक्यांत रांगडी ताकद ऐकणारा मराठी रसिक जेमतेम वीस अश्वशक्तीच्या इंजिनापुढे त्याच भक्तिभावाने उभा असतो. सशाच्या शिंगाला आधार नसतो म्हणून ते एका फेरीत निकालात निघते. शिंपल्याला चकाकी खरोखरच असते, म्हणून तो वर्षानुवर्षे चांदी म्हणून मिरवतो.

अश्वशक्ती आणि टॉर्क, म्हणजे दांडा पिळणारा जोर, यांच्या आलेखाचे उदाहरण या बाबतीत विशेष बोधक आहे. अमेरिकी मासिकांतील आलेखांवर या दोन रेषा, तेवढी गती गाठणाऱ्या प्रत्येक इंजिनाच्या बाबतीत, ५,२५२ आरपीएमलाच एकमेकींना छेदतात, मग इंजिन ट्रकचे असो वा शर्यतीचे. या योगायोगात इंजिनाचा एखादा गूढ समतोल पाहणारे पुष्कळ शौकीन आहेत, आणि तो आकडा ठाऊक असणे ही जाणकारीची खूण मानून त्यावर थट्टा करणारेही. वस्तुतः जेम्स वॅट यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात एका घोड्याचे काम मिनिटाला ३३,००० फूट-पौंड धरले. या संख्येला वर्तुळाच्या गणितातील दोन पायने भागले की ५,२५२ मिळतात. म्हणजे छेदनबिंदू इंजिनात नसून मोजपट्टीत आहे. टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये आणि शक्ती किलोवॅटमध्ये मोजली की त्या रेषा सुमारे ९,५४९ वर भेटतात, म्हणजे बहुतेक मोटारींत भेटतच नाहीत. आणि जपानी माहितीपत्रकांच्या जुन्या रिवाजाप्रमाणे किलोग्रॅम-मीटर आणि मेट्रिक अश्वशक्ती घेतली तर छेदनबिंदू ७१६ वर येतो, जेथे गाडी सिग्नलला उभी राहून नुसती घुरघुरत असते. मोजणाऱ्याने स्वतः आणलेला धर्म मोजलेल्या वस्तूवर लादणे याला अद्वैती ‘अध्यास’ म्हणतात, आणि शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याचा आरंभच त्याच्या चर्चेने केला आहे, जरी त्यांच्यासमोर आत्म्यावर देहाचे धर्म लादले जाण्याचा याहून फार गहन प्रश्न होता.

माझ्दाच्या रोटरी इंजिनावरून चालणारी चेष्टा आणखी वेगळ्या घाटाची आहे. या इंजिनात पिस्टनऐवजी फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर फिरतो आणि शौकीन त्याला वेफर्सच्या तुकड्याची उपमा देतात. २००३ च्या आरएक्स-८ या गाडीची रेडलाइन ९,००० ची होती. परंतु रोटरच्या एका फेऱ्यामागे मुख्य दांड्याचे तीन फेरे होत असल्याने दांडा ९,००० ने फिरतो तेव्हा रोटर अवघ्या ३,००० ने फिरत असतो. यावरून एक पक्ष ‘तुमचे इंजिन तीन हजारांवरच दमते’ असे चिडवतो आणि दुसरा ‘आमचे तीन हजारांवर आरामात बसूनही तुमच्या बरोबरीने धावते’ असे उलटवतो. न्यायशास्त्रात याला वाक्छल म्हणतात: बोलणाऱ्याने एका अर्थाने वापरलेला शब्द दुसऱ्या अर्थाने घेऊन त्याला खोटे पाडणे, ज्याचे परंपरेतील उदाहरण, नवी घोंगडी पांघरलेल्याला कोणी ‘नवकंबल’ म्हटले की ‘नऊ कुठे आहेत?’ असे विचारण्याचे आहे, कारण संस्कृतात ‘नव’ म्हणजे नवाही आणि नऊही. ‘इंजिनाची गती’ म्हणजे कोणत्या भागाची गती, हे संकेताने ठरते, आणि तो संकेत चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्याचा आहे. तो संकेत दोन्ही पक्षांना ठाऊक असतो म्हणून हे छल निर्मळ राहते आणि कोणीही त्याला प्रमाण मानून पैसे खर्च करत नाही.

याच इंजिनाची दुसरी कथा मात्र निर्मळ नाही. माझ्दाच्या ७८७बी या चार रोटरच्या गाडीने १९९१ ची ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली, पुढच्या वर्षी रोटरी इंजिन त्या स्पर्धेतून बाहेर पडले, आणि म्हणून ‘जिंकले म्हणून बंदी घातली’ ही आख्यायिका जगभर रुजली. पहिली दोन विधाने खरी आहेत. तिसरे नाही, कारण साडेतीन लिटरच्या, फॉर्म्युला वनच्या धर्तीच्या पिस्टन इंजिनांकडे वळण्याचा निर्णय त्या विजयाच्या आधीच झालेला होता आणि रोटरीचे दिवस विजयापूर्वीच मोजले गेले होते. आपल्याकडे कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली असे म्हणतात तसलाच हा प्रकार. परंतु फांदी आधीच करवतलेली होती हे सांगितले की कावळ्याचे भक्त रागावतात. ब्लिंकर फ्लुइडवर मनसोक्त हसणारा शौकीन ही बंदीची कथा डोळ्यांत पाणी आणून सांगतो, आणि ती थट्टा म्हणून सांगितली जात नसल्यामुळे तिचा बाध होण्याची वेळ येत नाही.

येथे राहुलाला केलेल्या उपदेशाचे वजन जाणवू लागते. थट्टेतले खोटे ऐकणाऱ्याला फसवते, ही त्याची लहानशी बाजू. ते सांगणाऱ्याला स्वतःच्या चाणाक्षपणाची जी खात्री देते, ती मोठी. सशाच्या शिंगावर हसता आले की आपल्याला शिंग आणि शिंपला दोन्ही ओळखता येतात असे वाटू लागते. अमेरिकेत दर ३,००० मैलांना इंजिन ऑइल बदलण्याची जुनी शिकवण, उत्पादकांच्या पुस्तिकांत त्याहून बरेच जास्त अंतर छापलेले असतानाही, अशाच हसणाऱ्या लोकांत टिकून राहिली. ऑक्टेनचा आकडा पेट्रोल वेळेआधी पेट घेण्याला किती विरोध करते ते सांगतो, त्यातील ऊर्जा सांगत नाही. तरी साध्या इंजिनाच्या गाडीत ९५ किंवा १०० ऑक्टेनचे महाग पेट्रोल भरून ‘पिकअप वाढला’ असे सांगणारे पुण्या-मुंबईच्या पंपांवरही भेटतात, आणि त्यांच्या भ्रमालाही आधार आहे, कारण जास्त दाबाच्या इंजिनांना ते पेट्रोल खरोखर लागते. इंजिन ऑइलमध्ये ओतायच्या गुणकारी बाटल्यांचे तर बोलायलाच नको. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाला १९९० च्या दशकात अशा काही बाटल्यांच्या जाहिरातींविरुद्ध कारवाई करावी लागली, आणि ब्लिंकर फ्लुइडच्या बाटलीवर तशी कारवाई करण्याचे त्या आयोगाला कधी सुचले नाही, यातच दोन बाटल्यांमधला फरक आला.

महाराष्ट्रातील मोटारचालकाची आवडती थट्टा ‘एआरएआयच्या ॲव्हरेज’वर असते. पुण्याच्या टेकडीवरील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या १९६६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या चाचणीतला लिटरमागे किलोमीटरचा आकडा आणि सिंहगड रोडच्या गर्दीत मिळणारा आकडा यांतले अंतर हा कायमचा विनोदविषय आहे. हा आकडा खोटा नसतो. तो रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगांच्या क्रमाने मोजलेला असतो आणि एका गाडीची दुसरीशी तुलना करण्यापुरता प्रमाण असतो. संस्था एक सांगते आणि ऐकणारा दुसरे ऐकतो, आणि या थट्टेत लबाड ठरते ती बिचारी संस्था.

शौकिनांच्या संशयालाही कधी कधी तोंडघशी पडावे लागते. इटालियन ट्यून-अप नावाची एक जुनी समजूत आहे, की सुस्तावलेली गाडी महामार्गावर चढ्या आरपीएमने तासभर पळवली की इंजिनातली काजळी जळून जाते. आपल्याकडचे मिस्त्री ‘जरा मोकळी करून आणा’ म्हणतात ते हेच. अनेक वर्षे जाणकारांनी तिची गणना भाकडकथांत केली आणि ती सांगणाऱ्या मिस्त्र्याकडे पाहून डोळे मिचकावले. एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्यावर डिझेल मोटारींच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारी गाळणी आली. ती गाळणी जाळून साफ होण्यासाठी धुराचे तापमान पुरेसे चढावे लागते, आणि गावातल्या गावात रडतखडत फिरणाऱ्या गाडीत ते चढत नाही. त्यामुळे डॅशबोर्डवर गाळणीचा दिवा लागला तर काही वेळ सलग बऱ्या वेगाने आणि चढ्या आरपीएमवर गाडी चालवा, अशी सूचना आता उत्पादकांच्याच पुस्तिकांत छापलेली असते. सर्व्हिस सेंटरमधला माणूस ती सूचना तोंडी देतो तेव्हा, भाकडकथा ओळखण्यात तरबेज झालेला मालक ‘आम्हालाही कळतं हो’ असे म्हणत हसून गाडी घरी नेतो, पंधरवडाभर चौकाचौकांतून दुसऱ्या गीअरमध्ये फिरवतो आणि गाळणी तुंबल्यावर ती बदलण्याचा अंदाज हातात पडला की मग पुस्तिका उघडतो.